राब, राख आणि हिरवी बुरशी

(भागाचं लिखित रूप. मागे वाजलेला कुकर आणि माझे खोकले काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच आहे.)

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका फजितीने करतो, कारण ती झाली नसती तर या विषयाच्या वाटेला मी गेलोच नसतो.

माझ्या मामाचं गाव खालापूर तालुक्यात आहे. चौकवरून कर्जतकडे जाताना रस्ता सोडून थोडं आत. पावसाळ्यात भात, आणि भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल. आमचे कडवे वाल. बाजारातून बी आणायची पद्धत घरात नव्हती. आजीच्या वेळेपासूनचं बी, राख लावून मडक्यात ठेवलेलं, दरवर्षी तेच पेरायचं आणि त्यातलंच पुढच्या वर्षासाठी राखायचं. जानेवारीत याच वालाच्या शेंगांची पोपटी लागते. तुम्ही रायगडचे असाल तर आता भांबुर्ड्याचा वास आला असेल नाकात.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात मामाने फोटो पाठवला. शेताच्या एका कोपऱ्यात वालाची रोपं पिवळी पडून माना टाकत होती. एक रोप उपटून दाखवलं, तर जमिनीलगत खोडावर पांढरे धागे आणि त्यात मोहरीच्या दाण्यांसारख्या तपकिरी गोळ्या. मी बीटेक कॉम्प्युटर्स. मातीचा आणि माझा संबंध बुटांपुरता. पण शोधायला येतं. दोन रात्री वाचल्यावर कळलं की ही स्क्लेरोशियम नावाची बुरशी, आणि तिला खाणारी दुसरी बुरशी पाकिटात मिळते, तिचं नाव ट्रायकोडर्मा. मला हे इतकं आवडलं काय सांगू! शत्रूचा शत्रू, तोही पावडरीत. पुढच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा पाकिटं घेऊनच गेलो आणि मामाला ठासून सांगितलं, "या वर्षी सगळं बी याच्यात घोळवायचं. आता मर लागणार नाही."

मामाने सगळं बी घोळवलं. मडकं रिकामं केलं.

आणि त्या वर्षी निम्म्याहून जास्त वाल गेला. जो उभा राहिला त्यात शेंगा धड नव्हत्या. आजीचं बी मूठभर उरलं. मामीला पुढच्या हंगामासाठी कर्जतला तिच्या बहिणीकडून वाल मागून आणावे लागले. मामा मला एका शब्दाने बोलला नाही, आणि ते जास्त लागलं. बोलले ते आबा, आईचे वडील. ओटीवर बसून, माझ्याकडे न बघता: "जमीन भाजायची सोडली आन् पावडर चोळत बसले."

जमीन भाजायची. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं आहे. पण ते डोक्यातून जाईना. म्हणून हा भाग.

आता ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी. कोकणात भाताची रोपं आधी एका छोट्या तुकड्यात वाढवतात, त्याला आमच्याकडे दाढ म्हणतात. पावसाआधी, उन्हाळ्यात, या दाढीच्या जागेवर शेणाचा थर पसरायचा. त्यावर ऐन-किंजळीच्या तोडलेल्या डहाळ्या, म्हणजे कवळं. त्यावर पातेरा, गवत. आणि सगळ्यात वर बारीक माती. माती कशाला? जाळ भडकू नये म्हणून. राब भडकला की वाया गेला, तो धुमसला पाहिजे. वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाला पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू मागे सरकते आणि खालची माती नीट तापते. हे सगळं आबांना कोणी वहीत लिहून दिलेलं नव्हतं.

आणि हे जंगली, अडाणी काम आहे असं समजणारे फक्त मीच नव्हतो. दीडशे वर्षांपूर्वी मुंबई सरकारच्या वनखात्यातही असं समजणारे पुष्कळ होते. १८७८ साली वनकायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली डोंगरउतारावरची झाडं राखीव व्हायला लागली. सरकारला लाकूड हवं होतं, मुंबईला सरपण आणि कोळसा हवा होता, आणि इकडे कुणबी, ठाकूर, कातकरी दरवर्षी ऐनाच्या फांद्या छाटून शेतात जाळत होते. वनअधिकाऱ्याच्या नजरेतून बघितलं तर हा निव्वळ नाश. शेतकऱ्याच्या नजरेतून बघितलं तर कवळ बंद म्हणजे दाढ बंद, दाढ बंद म्हणजे भात बंद. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला खास या दोन जिल्ह्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. त्या काळात कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं, कुलाब्यात नंतर आलं, आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. त्या आयोगापुढच्या मोठ्या प्रश्नांपैकी एक होता राब. म्हणजे आबा ओटीवर बसून जे बोलले तो एके काळी सरकारदरबारी वाद होता!

मग एक साहेब आला. जॉन ऑगस्टस व्होल्कर, इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ. भारतातली शेती कशी सुधारता येईल ते सांगायला त्याला १८८९ मध्ये पाठवलं होतं. तो फिरला, बघितलं, आणि १८९३ च्या अहवालात त्याने जे लिहिलं त्याचा सूर असा की इथल्या रयतेला शेती शिकवायला जाण्याआधी ती जे करते ते का करते हे समजून घ्या. राबाचीही त्याने दखल घेतली. पण 'का' हा प्रश्न उरलाच. राब केला की रोपं जोमदार येतात हे सगळ्यांना दिसत होतं. कशामुळे येतात? राखेच्या खतामुळे? तणाचं बी जळून जातं म्हणून? की आणखी काही?

इथे माझ्या आवडीचा माणूस येतो. हॅरॉल्ड मॅन, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य. तुमच्यातले जे पुण्यात आयटीत आहेत आणि पिंपळे सौदागरला भाड्याने राहतात, माझ्यासारखे, त्यांनी हे नाव लक्षात ठेवा. १९१७ मध्ये याच मॅनने आपलं पिंपळे सौदागर घरटी-घरटी मोजलं होतं. कोणाची किती जमीन, किती तुकडे, किती कर्ज. आज जिथे आपण पार्किंगवरून भांडतो तिथल्या बांधांचा नकाशा त्याच्या पुस्तकात आहे. तर त्याआधी, १९१२ मध्ये, मॅन, जोशी आणि कानिटकर या तिघांनी पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर एक सविस्तर शास्त्रीय निबंध छापला. राखेचा परिणाम वेगळा, उष्णतेचा वेगळा असं सुटं सुटं करून बघण्याचा तो प्रयत्न होता. आणि त्यांचं बोट उष्णतेकडे गेलं: नुसती राख टाकून भागत नाही, माती स्वतः तापावी लागते, तापल्यावर तिच्यात काहीतरी बदलतं.

काय बदलतं, याचं उत्तर तेव्हा जगात कोणाकडेच नीटसं नव्हतं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ मध्ये दाखवलं होतं की माती तापवली किंवा तिच्यात जंतुनाशक घातलं की पीक वाढतं. त्यांचा तर्क असा की मातीतले एकपेशीय प्राणी उपयोगी जिवाणूंना खातात, ते मेले की जिवाणू फोफावतात. तर्क पुढे पूर्ण टिकला नाही. पण माती म्हणजे निर्जीव भुगा नाही, तिच्यात कोण कोणाला खातंय यावर आपलं पीक ठरतं, हा विचार तिथून पक्का झाला.

मी याला फोन फॉरमॅट मारणं म्हणतो. राब म्हणजे दाढीच्या तुकड्याचा फॅक्टरी रीसेट. वरच्या थरातलं तणाचं बी, किड्यांची अंडी, रोपं कोलमडवणाऱ्या बुरश्या, सगळं एकदम साफ. पण रीसेट मारल्यावर फोन रिकामा राहतो का? पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी इन्स्टॉल होतंच. मग भाजलेल्या मातीत सगळ्यात आधी कोण इन्स्टॉल होतं?

हा प्रश्न घेऊन आपण जरा कॅलिफोर्नियात जाऊ.

ट्रायकोडर्मा हे नाव जुनं आहे, १७९४ चं. पर्सून नावाच्या शास्त्रज्ञाने ते ठेवलं, अर्थ साधारण 'केसाळ कातडी'. पुढची सव्वाशे वर्षं ती लाकडावर उगवणारी एक हिरवट बुरशी एवढीच तिची ओळख होती. १९३० च्या सुमाराला कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन केंद्रात रिचर्ड वाइंडलिंग हा संशोधक संत्र्या-लिंबाची रोपं कोलमडवणाऱ्या रायझोक्टोनिया या बुरशीवर काम करत होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दिसलं की ट्रायकोडर्माचे धागे रायझोक्टोनियाच्या धाग्यांकडे वाढत जातात, वेल खांबाला वेढते तसे त्यांना वेढतात, आणि मग आतला धागा रिता होतो, मरतो. १९३२ मध्ये त्याने हे छापलं. एक बुरशी दुसरीची शिकार करते, आणि आपण ती शिकार आपल्या कामाला लावू शकतो, ही कल्पना खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाली.

दोन वर्षांनी त्याने आणखी सांगितलं की ही बुरशी एक विषारी द्रव्यही सोडते. ते ग्लायोटॉक्सिन. गंमत अशी की नंतरच्या अभ्यासकांच्या मते त्याच्या बशीतली ही विष सोडणारी बुरशी बहुधा ट्रायकोडर्माचीच दुसरी जात होती, नाव चुकलं होतं. पहिल्याच रिलीजमध्ये लेबलचा बग! आणि हा बग अजून पूर्ण गेलेला नाही. १९६९ मध्ये रिफाई या इंडोनेशियन शास्त्रज्ञाने ट्रायकोडर्माचे नऊ गट पाडले. आज जाती शेकड्यांत मोजतात, आणि पाकिटावर 'व्हिरिडी' लिहिलेलं असलं तरी डीएनए तपासल्यावर आत भलतीच जात निघाल्याची उदाहरणं आहेत.

वाइंडलिंग आणि फॉसेट यांनी १९३६ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. त्यांना दिसलं की माती आंबट केली, म्हणजे आम्लधर्मी केली, की ट्रायकोडर्मा जोर धरते आणि रोपं वाचतात. हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. कोकणातली जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी आहे! तिला तिथे आणायला नको, ती असायलाच हवी. मग आमच्या वालात ती कुठे गेली होती?

थोडं थांबून एक युद्धाची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू सडायला लागले. पावसाने नव्हे, बुरशीने. सडक्या कापडावरून जी बुरशी वेगळी काढली ती ट्रायकोडर्माचीच एक जात. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि ही जात सेल्युलोज पचवण्यात पटाईत. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिचा अभ्यास केला, पुढे तिला रीसचंच नाव मिळालं, ट्रायकोडर्मा रीसाय. तिची विकरं आज कारखान्यांत बनतात. तुमच्या जीन्सला तो जुना, धुवट रंग आणायला जे वापरतात त्यात या घराण्याचा हात आहे. सैन्याचा शत्रू, फॅशनचा नोकर.

परत रिव्हरसाइडला. राबाचा धागा इथे जुळतो. तिथे डोनाल्ड ब्लिस नावाचा शास्त्रज्ञ आर्मिलेरिया या मूळकुज करणाऱ्या बुरशीशी झगडत होता. संत्र्याच्या बागेत कार्बन डायसल्फाइडचा वायू मातीत सोडला की आर्मिलेरिया मरायची. सगळ्यांना वाटायचं वायूने मारलं. ब्लिसने बारकाईने पाहिलं आणि १९५१ मध्ये लिहिलं की खरा मारेकरी वायू नाही. वायू आर्मिलेरियाला अर्धमेली करतो, मातीतली इतर वस्ती हटवतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत सगळ्यात आधी आणि सगळ्यात वेगाने पसरते ती ट्रायकोडर्मा. ती येऊन उरलेलं काम संपवते.

फॅक्टरी रीसेटनंतर पहिलं अ‍ॅप. सापडलं.

इथून पुढचं वाक्य माझं आहे, मॅनचं नाही आणि ब्लिसचंही नाही. मला वाटतं की भाजलेल्या दाढीत पावसाचे पहिले शिंतोडे पडल्यावर बाजूच्या बांधावरून, न तापलेल्या खालच्या थरातून जी वस्ती परत येते, तिच्यात ही हिरवी बुरशी पहिल्या रांगेत असणार. आबांचा राब म्हणजे नुसती जाळपोळ नव्हती, ती जागा मोकळी करणंही होतं. अंदाज आहे, छातीठोक विधान नाही. कोणी कृषीचे विद्यार्थी ऐकत असाल तर एम.एस्सी.ला विषय घ्या, मी तुमच्या बश्यांचे फोटो मोजायला कोड लिहून देतो.

पण म्हणून मी राबाचा वकील झालोय असं समजू नका. दरवर्षी ऐन छाटून छाटून त्याचे नुसते खुंट उरतात, शेण जाळलं की शेतातलं सेंद्रिय पदार्थाचं भांडवल धुरात जातं, आणि राबाचा फायदा दाढीच्या त्या तुकड्यापुरता. वालाचं अख्खं शेत कोण भाजणार? इस्राएलमध्ये याकोव काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये याचा बिनधुराचा भाऊ शोधला: ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायचं आणि उन्हाळ्याच्या उन्हाने माती तापवायची. एप्रिल-मेच्या कर्जतमध्ये ऊन फुकट आहे. आणि आपल्याकडच्या चारसूत्री भात पद्धतीत राबाऐवजी दाढीत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात, रोपाला सिलिका मिळते, ते कणखर होतं. म्हणजे भाजणीला पर्याय आहेत. मामाने राब सोडला तो मात्र पर्याय मिळाला म्हणून नव्हे, कवळ तोडायला माणूस मिळेना म्हणून.

आता माझ्या पाकिटाकडे. वाइंडलिंगपासून पाकिटापर्यंत चाळीस वर्षं काय अडलं होतं? बशीत जिंकणारी बुरशी शेतात हरत होती. १९७२ मध्ये अमेरिकेत वेल्स, बेल आणि जॉवोर्स्की यांनी ट्रायकोडर्मा हार्झियानम वाढवून थेट शेतात टाकली आणि स्क्लेरोशियम रॉल्फसायला, हो, आमच्या वालाच्या त्याच मोहरीच्या दाण्यांवाल्या बुरशीला, आवरून दाखवलं. यातला महत्त्वाचा भाग म्हणजे त्यांनी नुसते बीजाणू शिंपडले नव्हते, बुरशी तिच्या खाण्यासकट टाकली होती. भारतात कोईमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने ती शंखजिऱ्याच्या पावडरीत बसवली, म्हणजे आपल्या टाल्कम पावडरीतलं टाल्क. स्वस्त, पुड्यात भरता येणारी, डाळींच्या बियाण्याला किलोला चार ग्रॅम चोळायची. १९९९ मध्ये ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायद्याच्या यादीत आली, आणि नियम झाला की पाकिटात ग्रॅमला किमान २० लाख जिवंत घटक असले पाहिजेत.

जिवंत. हा एक शब्द मी पाकिटावर वाचला होता आणि मला कळला नव्हता.

आता पोस्टमॉर्टेम. आमच्या ऑफिसात सिस्टीम पडली की लिहितो तसं, कोणाला दोष न देता, फक्त घटनाक्रम. मेमध्ये मी पाकिटं दिली. मामाने ती जपून ठेवली, सगळ्यात सुरक्षित जागी, पत्र्याखालच्या माळ्यावर. मेमधला पत्रा! तिथे ती नोव्हेंबरपर्यंत राहिली. मी पाकिटावरची तारीख बघितलीच नव्हती, पेरणीच्या वेळी ती उलटून गेलेली होती. आणि पेरणीच्या आदल्या संध्याकाळी मामाने, माझ्या पावडरीवर अर्धाच विश्वास असल्यामुळे, बियाला आधी कार्बेन्डाझिम चोळलं. ते बुरशीनाशक आहे. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मी सांगितलं नव्हतं. माळ्यावरून जे काही जिवंत उतरलं असेल ते आम्ही बियावरच मारलं, आणि मग मेलेली पावडर घेऊन स्क्लेरोशियमच्या घरात गेलो. पाकीट ज्यांनी बनवलं त्यांचा यात काडीचा दोष नाही.

आणखी एक गोष्ट मी चुकीची समजलो होतो. मी तिला अँटिव्हायरस समजत होतो. व्हायरस आला की ती त्याला मारणार. ती तसं काम करतच नाही, किंवा फक्त तसं करत नाही. धाग्याला वेढा घालणं, कायटिन फोडणारी विकरं सोडून समोरच्याची भिंत विरघळवणं हे खरं आहे, आणि व्हिडिओत तेच दाखवतात. पण निम्मं काम जागा अडवण्याचं आहे. मुळाभोवती आधी पोचायचं, तिथलं खाणं आधी खायचं, दुसऱ्याला उभं राहू द्यायचं नाही. लोकलमध्ये कर्जतहून बसून आलेला माणूस आणि बदलापूरला चढणारा माणूस यांच्यातला फरक आठवा. शिवाय तिच्या नुसत्या असण्याने रोप स्वतःची संरक्षणाची तयारी वाढवतं. म्हणजे ती रोगाच्या आधी पोचली तर कामाची. रोप माना टाकायला लागल्यावर ओतलेली ट्रायकोडर्मा म्हणजे गाडी गेल्यावर काढलेलं तिकीट.

आणि ती हवेवर जगणारी आहे. आवणीच्या चिखलात, उभ्या पाण्यात तिचं फार चालत नाही. पानावरच्या करप्यालाही मातीतली ट्रायकोडर्मा हे उत्तर नव्हे. पण दाढीचा उंच गादीवाफा, वांगी-मिरचीची रोपवाटिका, आणि भातानंतरच्या ओलीवरचा वाल, या तिच्या जागा. म्हणजे आमच्या भागात तिचा खरा हंगाम दिवाळीच्या पुढे.

दुसरा प्रयत्न मी मामासमोर मांडला तेव्हा तो हसला. पण मामी म्हणाली, "एक पट्टी करून बघू. सगळं बी द्यायचं नाही." हेच मी पहिल्या वर्षी म्हणायला हवं होतं. प्रॉडक्शनवर थेट टाकू नये हे मला पगार देऊन शिकवलंय, आणि मी आजीच्या मडक्यावर थेट टाकलं.

या वेळी ताजं कल्चर, तारीख बघून, दसऱ्याच्या सुमाराला. हेक्टरी अडीच किलो पावडर पन्नास किलो शेणखतात हे प्रमाण, आमच्या पट्टीपुरतं कमी करून घेतलं. शेणखत पूर्ण कुजलेलं, आंब्याच्या सावलीत ढीग, वर ओलं गोणपाट. दोन आठवडे मामी रोज पाणी शिंपडत होती आणि मधूनमधून ढीग खालीवर करत होती. खाणं देऊन वस्ती वाढवायची आणि मग वस्तीसकट शेतात न्यायचं, वेल्सच्या लोकांनी केलं तसं. आदल्या वर्षीची रोगट धसकटं मामाने उपटून शेताबाहेर नेऊन जाळली. त्या मोहरीच्या गोळ्या जमिनीत वर्षानुवर्षं तग धरतात, त्यांची संख्या आधी कमी करणं हे कोणत्याही पाकिटापेक्षा मोठं काम आहे. बियाला रसायन नाही, फक्त ट्रायकोडर्मा, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी.

त्या पट्टीत मर लागलीच नाही असं सांगायला मला आवडलं असतं. लागली. पण बाजूच्या पट्टीत जिथे टोपलीभर रोपं उपटावी लागली, तिथे इकडे हाताच्या बोटांवर मोजता आली. एक पट्टी, एक वर्ष. याला शास्त्रीय पुरावा म्हणायचं धाडस मी करणार नाही. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासून उभं आहे, तिथे एक वाण शेतकऱ्याच्या हातात द्यायच्या आधी किती हंगाम, किती ठिकाणी लावून बघतात हे कळल्यावर आपल्या एका पट्टीचा फुगा आपोआप बसतो. त्या पट्टीतल्या वालाचं बी मात्र मामीने वेगळं ठेवलंय. आजीच्या मूठभर बियाचं होतं ते. राख लावून, त्याच मडक्यात.

आबांना मी मॅनची गोष्ट सांगितली. पुण्याच्या कॉलेजातल्या साहेबाने शंभर वर्षांपूर्वी राबावर निबंध छापला म्हणून. त्यांनी विचारलं, "मग काय म्हनला तो?" मी म्हटलं, "आबा, तो म्हणाला माती तापली पाहिजे." आबा म्हणाले, "हे सांगायला पुस्तक कशाला?" आणि तंबाखू मळायला लागले.

या मेमध्ये दाढीचा एक तुकडा त्यांच्या पद्धतीने भाजायचा, एका तुकड्यावर प्लॅस्टिक अंथरायचं आणि नंतर मामीचं शेणखत घालायचं, असं ठरलंय. कवळं मी तोडणार आहे. ती बोली माझ्याकडूनच घेतली त्यांनी.

परवा रात्री मी स्टँडअप कॉलवर असताना मामीचा व्हिडिओ कॉल आला. गोणपाट उचलून, टॉर्च मारून, फोन ढिगाच्या इतका जवळ धरला होता की आधी काही कळेना. मग दिसलं, पांढऱ्या जाळीवर हिरवी भुकटी पसरलेली.

"अरे, हिरवं झालंय सगळं," मामी म्हणाली. "मेलं का जगलं?"

"जगलं, मामी."

"मग झाकते परत," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.